दुसऱ्याचा पायजमा

महिपत शिवलकर वृद्धाश्रमात राहायला आला तेव्हा त्याचं शिलाई मशीन एसटीच्या टपावर होतं आणि जीव मशीनमध्ये. वाटेत गाडी चहासाठी थांबली, तसा हा सत्तरीचा माणूस मागच्या शिडीनं टपावर चढला आणि दोरी नीट आहे ना, ते बघू लागला. कंडक्टर खालून "आजोबा, उतरा हो, सगळे खोळंबलेत" म्हणत राहिला. महिपतनं दोरीची गाठ सोडून पुन्हा आपल्या पद्धतीनं मारली आणि मगच तो उतरला. उतरता उतरता त्यानं कंडक्टरला सांगितलं, "तुझ्या खाकी शर्टाची डावी बाही वर ओढतेय. शिवणाऱ्यानं काखेत कापड चोरलंय."

महिपत असाच होता. गिरगावातल्या एका टेलरिंगच्या दुकानात चाळीस वर्षं त्यानं पँटी शिवल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मापं घेण्यात आयुष्य गेलं, एकही जुळलं नाही." मालक वारले, मुलांनी दुकानात कॅसेटी विकायला सुरुवात केली, आणि महिपत पूर्णगडला पुतण्याकडे आला. पुतण्या चांगला होता, सूनबाई त्याहून चांगली होती. तक्रार होती ती गावाबद्दल. गावात महिपतच्या मनासारखे कपडे कुणीच घालत नव्हतं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर त्यानं सरपंचांना चारचौघांत सांगितलं की तुमची कॉलर माकडाच्या कानासारखी उभी राहते. तेव्हापासून लोक त्याला बघून वाट बदलायला लागले. शेवटी तोच पुतण्याला म्हणाला, "मला रत्नागिरीला ठेव. तिथं माझ्या वयाची माणसं असतील. निदान बोलतील तरी."

ही गोष्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालातली. तेव्हा रत्नागिरीत वृद्धाश्रम हा शब्दही नवा होता. गावाबाहेर सड्यावर, उघड्या कातळमाळावर, जांभ्या दगडाची बैठी इमारत होती. संस्थेचं नाव एवढं लांब, की पाटीवर तीन ओळींत कसंबसं मावलं होतं. रिक्षावाले त्याला 'म्हाताऱ्यांचा बंगला' म्हणत. बंगल्याचे व्यवस्थापक काशीराम मास्तर. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेले, ताठ कण्याचे, स्वच्छ मनाचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात शिट्टी असायची. एक शिट्टी म्हणजे आंघोळ, दोन म्हणजे जेवण, तीन म्हणजे प्रार्थना. कुणावर हात उगारणं नाही, कुणाला उपाशी ठेवणं नाही, जमीन आरशासारखी पुसलेली. बाहेरून कुणी पाहुणा आला की म्हणायचा, वा, काय शिस्त आहे.

महिपतला ती शिस्त पहिल्या सोमवारी कळली.

आश्रमाचा नियम असा, की आल्यावर आपले कपडे कोठीत जमा करायचे आणि संस्थेचे घालायचे. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं मांजरपाटाचे तागेच्या तागे दान दिले होते. त्यातून पुरुषांना पायजमे आणि बंड्या, बायकांना चोळ्या शिवल्या होत्या. लहान, मध्यम आणि मोठं, अशी तीनच मापं. सोमवारी आणि गुरुवारी सगळे कपडे एकत्र धुतले जायचे, आणि संध्याकाळी तुळसा मोठी टोपली घेऊन व्हरांड्यात बसायची. तुळसा म्हणजे तिथली कामकरीण. धुणं तिचं, झाडणं तिचं, ज्यांना उठवत नाही त्यांना उठवणंही तिचंच. ती माणसाकडे एकदा बघायची, टोपलीत हात घालायची आणि हाताला लागेल ते द्यायची.

महिपतच्या वाट्याला आलेला पायजमा नडगीवर संपत होता. वरून त्यात आधीच्या माणसाच्या कमरेचा आकार बसलेला.

"तुळसा, हा माझा नव्हे गो," महिपत म्हणाला.

"कुणाचाच नाय, काका. सगळ्यांचा हाय."

"पायजमा सगळ्यांचा कसा असेल? पायजमा म्हणजे काय रस्ता आहे?"

तुळसा हसली, पण पायजमा बदलून मिळाला नाही. बदलून देण्यासारखा दुसरा नव्हताच.

मग महिपतनं आजूबाजूला बघायला सुरुवात केली. सोनूबाई मिरकरवाड्याची, ऐन उमेदीत डोक्यावर माशांची पाटी घेऊन सगळी रत्नागिरी पायाखाली घातलेली, अंगानं चांगली भरलेली. संस्थेची एकही चोळी तिला पुरी होत नव्हती. पुढची दोन बटणं कधी लागत नसत, म्हणून ती वैशाखातही शाल पांघरून बसायची आणि घामानं निथळायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "थंडी वाजते." भागोजीचा पायजमा घट्ट, तो श्वास जपून घ्यायचा. आणि धोंडू दिवसभर बाकावर बसून असायचा.

धोंडू बोटीवरचा खलाशी. सारं जग फिरून आलेला, आणि आता बाक सोडून कुठं जात नव्हता. संस्थेच्या बैठकीत मास्तरांनी खेदानं सांगितलं होतं की धोंडूचे पाय गेले. त्याचं जेवणही बाकावरच यायचं. महिपत दोन-चार दिवस त्याच्यासमोर बसून नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "धोंडू, तुझ्या पायांना काही झालेलं नाही."

"तू काय डाक्टर?"

"गुडघा दुखणारा माणूस उठताना हात गुडघ्यावर ठेवतो. तुझा हात कमरेवर जातो."

धोंडूनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "एक हात काठीला लागतो, एक पायजमा धरायला. मग दाराची कडी काय दातांनी काढू? आणि दात तरी कुठं हायत? एकदा प्रार्थनेच्या वेळी बायकांच्या समोर सुटला. तेव्हापासनं ठरवलं, बसलेला बरा."

"सांगितलं नाहीस कुणाला?"

"सांगितलं की. पुढच्या खेपेला बघू म्हणाले. पुढच्या खेपेला ह्याहून मोठा आला."

महिपतला दया वगैरे आली असं नाही. त्याला राग आला, आणि तोही पायजम्याचा. त्याच दुपारी त्यानं मशीनवरचं फडकं काढलं, धोंडूला चादर गुंडाळून बसवलं, पायजमा दोन्ही बाजूंनी आत घेतला, नेफ्यातली कुजकी नाडी काढून नवी ओवली. धोंडू उठला, काठी टेकत फाटकापर्यंत गेला, तिथल्या काजूच्या झाडाला हात लावून परत आला. तुळसा अंगणात पाणी शिंपत होती. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

सगळं इथं गोड झालं असतं. पण मग गुरुवार आला. कपडे धुतले गेले, आणि आत घेतलेला पायजमा नेमका भागोजीच्या वाट्याला गेला. भागोजीला वाटलं, आपलंच पोट वाढलं. त्यानं कसाबसा तो चढवला, आणि संध्याकाळी तिसऱ्या शिट्टीला सगळ्यांबरोबर मांडी घालून प्रार्थनेला बसला. दुसऱ्याच ओळीला मोठ्यानं टर्र असा आवाज आला. प्रार्थना थांबली नाही, पण नंतर पुष्कळ माणसं नुसतेच ओठ हलवत होती. भागोजी तिथून उठला नाही. सगळे गेले तरी उठला नाही. त्या दिवशी त्याचं ताट देवाच्या फोटोपुढं नेऊन द्यावं लागलं.

सकाळी चौकशी झाली.

"महिपतराव, तुम्ही संस्थेचा कपडा कापलात," मास्तर म्हणाले.

"कापला नाही, आत घेतला. कापणं वेगळं."

"हे तुमचं दुकान नव्हे."

"दुकान असतं तर असा पायजमा बाहेर गेल्याबद्दल मालकानं मला हाकललं असतं."

तुळसा दारात उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, मला वाचता येत नाय, पण डोळे हायत. ज्याच्या त्याच्या कपड्याला काहीतरी खूण घाला, मी ज्याचं त्याला देईन. मलाही दर खेपेला शिव्या खाव्या लागतात."

मास्तरांनी मान हलवली. "खूण आली की माझं-तुझं आलं. मी मुलांचं वसतिगृह सांभाळलंय, तुळसाबाई. एका वर्षी पेल्यांवर नावं घातली. महिन्याभरात एका पोराचं डोकं फुटलं, पेल्यानंच. इथं सगळे समान. म्हणून तर भांडण नाही."

ते मनापासून बोलत होते, म्हणून कुणाला उलट बोलवेना. मशीन कोठीत गेलं आणि कोठीला कुलूप लागलं.

पण टेलरकडून मशीन काढून घेतलं तरी सुई राहतेच. महिपतच्या टोपीच्या आत एक सुई आणि लाल दोरा कायम टोचलेला असे. तो काजूच्या झाडाखाली बसून एकेक कपडा हातानं नीट करू लागला, आणि नेफ्याच्या आतल्या बाजूला, उलटवून बघितल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, एकेक खूण काढू लागला. तुळसाला तेवढं पुरेसं होतं. टोपलीतून कपडा देताना ती नेफा हळूच उलटायची, बघायची आणि बरोबर माणसाकडे टाकायची. मास्तर समोरच उभे असायचे. त्यांना वाटायचं, बाई नाडी तपासतेय.

खुणांवरून मात्र महिपतला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. धोंडूला त्यानं विचारलं, "तुला काय काढू?" धोंडू म्हणाला, "नांगर." महिपतनं दोन दुपारी खपून झकास नांगर काढला. धोंडूनं तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"ह्यो कसला नांगर रे?"

"कसला म्हणजे? हा फाळ, हा दांडा, इथं जू."

"मी बोटीवर होतो मेल्या. समुद्रात काय भात लावलं मी?"

महिपतनं आयुष्यात बोटीचा नांगर जवळून बघितला नव्हता. पण चूक कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "समुद्राच्या तळाला जाऊन माती उकरतो ना? मग झाला तर नांगरच," तो म्हणाला. धोंडू तीन दिवस त्याच्याशी बोलला नाही, पण पायजमा मात्र तोच घालून रोज फाटकापर्यंत जात होता.

सोनूबाईला पापलेट पाहिजे होतं. महिपतनं काढलेलं बघून ती म्हणाली, "ही मांदेली हाय."

"पापलेट आहे."

"टेलर, मी जन्मभर मासळी विकली. ह्याला पापलेट म्हणून कुणी मला फसवायला आलं असतं, तर मी त्याला पाटीखाली घातलं असतं. पोट रुंद कर."

महिपतनं मासळीचं पोट रुंद केलं. चोळीचंही केलं, दोन्ही बाजूंना काखेतून पट्टी घालून. दुसऱ्या दिवशी सोनूबाईनं शाल घडी करून उशीखाली ठेवली आणि व्हरांड्यात येऊन बसली. "थंडी गेली वाटतं," मास्तर म्हणाले. "गेली," सोनूबाई म्हणाली.

हे असं किती दिवस चाललं असतं सांगता येत नाही. पण एका सोमवारी काशीराम मास्तर विहिरीवर झाडांना पाणी काढत होते. ऊन होतं, म्हणून त्यांनी शर्ट काढून दोरीवर टाकला. मास्तर काटकसरी. त्यांचे शर्टही त्याच मांजरपाटाचे, फक्त कॉलर आणि खिसा असलेले. त्या उन्हात कपडे लवकर वाळले, म्हणून तुळसानं दुपारीच दोरीवरचे सगळे गोळा करून वाटायला घेतले, त्यात तोही आला. तिनं मुद्दाम केलं की चुकून, हे तिला नंतर पुष्कळांनी विचारलं. ती म्हणायची, "खूण नव्हती त्याच्यावर. मला कसं कळणार?"

शर्ट धोंडूला मिळाला. धोंडूनं घातला, खिशात हात घातला तर शिट्टी. बोटीवर इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शिट्ट्या ऐकलेला माणूस. त्याला मोह आवरला नाही. त्यानं एक लांबलचक शिट्टी मारली.

भर दुपारची वेळ. पण शिट्टी म्हणजे शिट्टी. भागोजी टॉवेल घेऊन उठला. त्याच्या मागून बाकीचे उठले. बायका आपल्या बाजूच्या न्हाणीकडे निघाल्या. सोनूबाई म्हणत होती, "सकाळीच तर घातली मेली आंघोळ," पण चालत होती. मास्तर उघड्या अंगानं विहिरीकडून धावत आले आणि बघतात तर सगळा आश्रम न्हाणीघराच्या दारात रांगेत उभा. कुणी तक्रार करत नव्हतं. कुणी विचारतही नव्हतं की आता कसली आंघोळ.

मास्तर जागच्या जागी थांबले. जन्मभर त्यांनी अशा रांगा लावल्या होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांना बरं वाटलं होतं. त्या दिवशी बरं वाटलं नाही.

"धोंडू, शर्ट द्या माझा," ते म्हणाले.

"तुमचा कशावरनं?" धोंडू गंभीरपणे म्हणाला. "इथं सगळं सगळ्यांचं."

मास्तर कोठीत गेले, एक संस्थेची बंडी अंगात घातली आणि संध्याकाळपर्यंत तशीच वागवली. बंडी मोठ्या मापाची होती, खांद्यावरून सारखी घसरत होती. दिवेलागणीच्या आधी ते महिपतजवळ काजूखाली येऊन बसले.

"महिपतराव, खूण घातली तर भांडणं होतील, ही माझी भीती अजून आहे."

"होतील की. होतायत. सोनूबाई माशावरून भांडली, धोंडू नांगरावरून. तीन दिवस अबोला होता."

"कधी? मला कसं कळलं नाही?"

"आतल्या बाजूनं भांडत होतो," महिपत म्हणाला आणि त्यानं आपल्या मांडीवरच्या पायजम्याचा नेफा उलटून दाखवला. आत एक लालभडक आंबा होता. "हा भागोजीचा. त्याला हापूस पाहिजे. मी म्हटलं, तुझ्या आकाराला रायवळ शोभेल."

मास्तरांनी तो आंबा बराच वेळ बघितला. मग ते हसायला लागले. काशीराम मास्तर हसतात हे आश्रमात तोवर कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मशीन कोठीतून बाहेर आलं. मास्तरांनी आपला शर्टही पुढं केला. "माझ्यावरही काहीतरी घाला," ते म्हणाले, "पण शिट्टी नको."

तिथून पुढं आवरणं कठीण गेलं. कपडा आपला झाला, तशी माणसांना बाकीच्या गोष्टींची आठवण झाली. सोनूबाई म्हणाली, मला पहाटे उठायची सवय आहे, मी पहिली आंघोळ करीन. भागोजी म्हणाला, मला पहाटे उठायची सवय कधीच नव्हती, साठ वर्षं नाइलाजानं उठलो, आता मला ऊन अंगावर आल्यावर उठू दे. न्हाणीच्या दाराला आतून कडी नव्हती, ती बसली. ज्याला त्याला कपड्यांसाठी खुंटी मिळाली. "शर्टावरून सुरू झालं, आता कुठं थांबणार?" मास्तर कपाळाला हात लावून विचारत, आणि संध्याकाळी स्वतःच सुताराला निरोप पाठवत. शिट्टी वाजायची, पण फक्त जेवणाला. तीही भागोजीच्या आग्रहाखातर. त्याला भीती होती, आपलं जेवण राहील.

खूण घेतली नव्हती ती एकट्या मथुराबाईनं. मथुराबाई आडगावातल्या एका शेतकरी कुळवाड्याच्या घरची. माहेरी भावांकडे, सासरी दिरांकडे, मग मुंबईला भाच्याकडे, अशी दुसऱ्याच्या घरांतून राबून इथवर पोचलेली. बोलायची फार कमी. महिपतनं तिला विचारलं, "फूल काढू? तुळस? चांदणी?" ती नुसती मान हलवायची. महिपतला नाही ऐकायची सवय नव्हती. तो रोज नवं काहीतरी सुचवायचा. एक दिवस ती त्याच्या मशीनजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मला खूण नको. खिसा मिळेल?"

"चोळीला?"

"आतनं."

"काय ठेवणार त्यात? त्या मानानं माप घेतो."

मथुराबाई विचार करत राहिली. "ठेवायला काय नाय," ती म्हणाली. "असू दे."

महिपत टेलरनं आयुष्यात हजारो खिसे शिवले होते, आणि प्रत्येक गिऱ्हाइकानं त्यात काय ठेवायचं ते आधी सांगितलं होतं. त्यानं मान खाली घातली आणि मशीन चालवायला घेतलं. तो खिसा त्यानं दुहेरी शिवला, तोंडाशी छोटं काज करून बटण लावलं. मथुराबाईनं तो घातला, बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी आश्रमातल्या सगळ्या बायका चोळ्या घेऊन रांगेत उभ्या. या खेपेला शिट्टी कुणी मारली नव्हती.

संस्थेच्या विश्वस्त विमलाबाई दिवाळीच्या आधी पाहणीला आल्या. शहरातल्या मोठ्या घरच्या, कडक कांजीची साडी, चांगल्या मनाच्या. त्यांनी धोंडूला चालताना बघितलं आणि मास्तरांना विचारलं, "कुठल्या डॉक्टरांचं औषध?" मास्तर म्हणाले, "नाडी." विमलाबाईंना वाटलं, कुणी वैद्य असतील. त्यांनी आदरानं मान डोलावली. मग बायकांच्या खोलीत त्यांना खिसे दिसले. त्यांनी मथुराबाईला कौतुकानं विचारलं, "आजी, काय ठेवता हो यात?"

"ता माजा मी बघीन," मथुराबाई म्हणाली.

मास्तर कानकोंडे झाले. विमलाबाई म्हणाल्या, "खरं आहे. माझ्या पर्समध्ये काय आहे ते मीही कुणाला सांगत नाही." जाताना त्यांनी मास्तरांना सांगितलं की पुढचं कापड एका रंगाचं येणार नाही, आणि ज्यांना घरून आणलेले कपडे वापरायचेत त्यांचे कोठीतून काढून द्या. ते काढले तेव्हा निम्म्यांना कसर लागली होती. महिपतला पुढं दोन महिने रफूच पुरलं.

त्याच हिवाळ्यात धोंडू एकदा फाटकापाशी थांबला नाही. पुढं रस्त्यावर गेला, हात करून एसटी थांबवली आणि थेट मिरकरवाड्याच्या बंदरावर उतरला. इथं मास्तर आणि तुळसा दिवसभर हवालदिल. सूर्य कलता कलता धोंडू रिक्षातून आला, हातात सुतळीला बांधलेली दोन पापलेटं. ती त्यानं सोनूबाईच्या पुढं धरली आणि महिपतला हाक मारून म्हणाला, "बघ, टेलर. पापलेटचं पोट असं असतं." मास्तर चिडले होते, पण त्यांनी एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी सांगून जा. धोंडू म्हणाला, "सांगितलं असतं तर सोडलं असतं?" मास्तर म्हणाले, "आता सोडीन." आणि सोडत राहिले.

महिपत तिथं सहा-सात वर्षं राहिला. शेवटी शेवटी त्याचा हात थरथरायला लागला, सुईत दोरा जाईना. तेव्हा त्यानं तुळसाला मशीनवर बसवलं आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून तिला दिवसभर बोलू लागला. "ही शिवण आहे की घाटातला रस्ता?" तुळसा म्हणायची, "काका, रस्ता पोचतो ना कुठंतरी? मग झालं." गणपती नुकतेच गेले होते, तेव्हा तो दोन दिवसांच्या तापानं गेला. पुतण्या पूर्णगडहून आला, सरपंचही आले. सरपंचांनी गळाबंद कोट घातला होता.

तुळसा अजून शिवते. तिची शिवण सरळ येत नाही, पण नवीन माणूस आला की आधी टेप घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहते. परवा चिपळूणकडचे एक गृहस्थ आले, लवू नावाचे, मुलानं आणून सोडलेले, कुणाकडे बघायला तयार नसलेले.

"सैल आवडतो का घट्ट?" तुळसानं विचारलं.

"कसाही शिव," लवू भिंतीकडे बघत म्हणाले. "मला काय फरक पडतो?"

"कसाही नाय शिवत मी," ती म्हणाली आणि टेप गळ्यात टाकून तिथंच बसून राहिली. चहा आला, तिनं त्यांना दिला, स्वतः घेतला. बऱ्याच वेळानं लवूंनी बशी खाली ठेवली.

"सैल," ते म्हणाले. "कमरेत सैल. आणि बाजूला खिसा पाहिजे, तपकिरीच्या डबीला."

तुळसा उठली आणि माप घेऊ लागली.